इथे बस थांबत नाही

अहो, इथे उभे राहू नका. तुम्हालाच सांगतोय. मान वर करून जी पाटी वाचताय ती माझी, आणि ती खोटी आहे. बस इथे थांबत नाही. दोन वर्षं होऊन गेली, थांबतच नाही. थांबा मागे गेलाय. त्या टेम्पोंच्या पलीकडे विजेच्या खांबाला तारेने बांधलेला पत्रा दिसतोय ना, तिथे. दिसत नाही? बरोबर आहे, कोणालाच दिसत नाही. त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आहे.

मी लालबागच्या मोठ्या रस्त्यावरचा बसथांब्याचा खांब. दिवसातून शंभरदा हे सगळं ओरडून सांगतो, पण ऐकतो कोण? लोखंडाचं ओरडणं वाचणाऱ्यांना ऐकू जातं, उभं राहणाऱ्यांना नाही. आता थांबलाच आहात तर माझी कहाणी ऐका. पण जरा बाजूला सरून ऐका. असे माझ्याजवळ उभे राहिलात तर तुमच्यामागे लगेच चौघे येऊन उभे राहतील, आणि मग शिव्या मलाच बसतील.

माझा जन्म बस आगाराच्या वर्कशॉपमधला. एका लांब लोखंडी पाइपाचे तुकडे केले, त्यातला एक मी. वर पाटी बसवली, लाल रंग दिला आणि पेंटरने अक्षरं काढली. शेवटचं अक्षर काढून झाल्यावर त्याने ब्रश पुसला, दोन पावलं मागे सरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं तुझं. आता जन्मभर हेच सांगत उभा राहा." मला ते फार थोर काम वाटलं. वय कच्चं होतं.

मग मला इथे आणून फुटपाथमध्ये सिमेंटने पक्कं केलं. तेव्हा आजूबाजूला गिरण्या चालू होत्या. पाळी सुटली की माणसांचा लोंढा यायचा, पण माझ्याजवळ पोचला की आपोआप एकामागे एक होऊन उभा राहायचा. कोणी पुढे घुसलाच तर "ओ भाऊ, लाइन मागून आहे" एवढं म्हटलं की पुरे, तो मुकाट मागे जायचा. माणसांना शिस्त लावणारा मी, असं मला वाटायचं. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. टॉवरमधली माणसं बसने जात नाहीत. माझ्या पुढ्यातून रस्त्याच्या मधोमध पूल गेला आणि निम्मी वाहतूक माझ्याकडे न बघता वरूनच जाऊ लागली. तरी माझं बरं चाललं होतं, कारण माझ्याकडची बस राणीच्या बागेला जायची.

या बागेला जाणाऱ्यांनी माझं जितकं डोकं खाल्लं तितकं कोणी खाल्लं नसेल. पाटीवर बागेचं नवं नाव लिहिलंय, 'जिजामाता उद्यान'. चांगलं मोठ्या अक्षरात. माणसं ते सबंध वाचतात, मान हलवतात आणि शेजारच्याला विचारतात, "राणीच्या बागेची बस इथेच ना?" बाहेरगावचे विचारतात, "पेंग्विनची बस कुठली?" जसं काही पेंग्विनच बस चालवतो! आणि उत्तरं देणारे त्याहून वरचढ. मुंबईचा माणूस प्राण गेला तरी 'मला माहीत नाही' असं म्हणणार नाही. एक सांगतो समोरून पकडा, दुसरा सांगतो सिग्नलला जा, तिसरा म्हणतो, "बस कशाला, चालत जा, पाच मिनिटं." त्याच्या पाच मिनिटांत धड वाटेतली चिंचपोकळीसुद्धा येत नाही.

आणि रांग! रांगेबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. गणपतीत लालबागला माणसं रात्रंदिवस रांगेत उभी असतात. त्यामुळे इथल्या हवेतच एक गोष्ट भिनलीय, की रांग आहे म्हणजे तिच्या टोकाला काहीतरी चांगलं असणारच. कसली रांग ते मागाहून विचारायचं, आधी नंबर लावायचा. एकदा माझ्या पायाशी एक कुत्रा बसला होता. शांतपणे रस्त्याकडे बघत होता. त्याच्यामागे दोन माणसं येऊन उभी राहिली. खोटं सांगत नाही. कुत्रा उठून गेला तेव्हा ती दोघं एक-एक पाऊल पुढे सरकली.

तर दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोरचा रस्ता खणला. पाण्याच्या पाइपसाठी खणला, बुजवला. केबलसाठी खणला, बुजवला. मग पाइप फुटला म्हणून परत खणला. मधल्या काळात एक माणूस येऊन माझ्या अंगावर कागद चिकटवून गेला: 'कामानिमित्त थांबा तात्पुरता मागे हलवण्यात आला आहे.' तात्पुरता! आठवड्याभरात त्या कागदावर 'घरबसल्या कमवा' चिकटलं, त्याच्यावर मूळव्याधीचा दवाखाना, त्याच्यावर सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण. खड्डा कधीच बुजला. पण थांबा परत आणायचा हुकूम वरून निघाला नाही आणि मला उपटायचाही निघाला नाही.

जन्मभर खरं सांगितलं आणि म्हातारपणी खोटं बोलायची पाळी आली. रोजचे लोक शहाणे, ते पत्र्याखाली जाऊन उभे राहतात. फसतात ती नवखी माणसं, म्हातारी माणसं, उन्हातून पोरंबाळं घेऊन आलेली माणसं. बस समोरून निघून जाते आणि ती माझ्याकडे असं बघतात की लोखंडालाही लाज वाटावी. उपटा रे मला, एकदाचा उपटा, हाच माझा रोजचा जप होता.

आता गेल्या रविवारचं ऐका, म्हणजे कळेल.

मे महिन्यातली दुपार. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पुलाची सावली पडते ती मधल्या गाड्यांवर. फुटपाथवर सावली माझी एकट्याची, आणि ती वीतभर रुंद. त्या सावलीत हितेंद्र नावाचा एक गृहस्थ येऊन उभा राहिला. नाव कळलं कारण त्याची बायको मेघना चिवडा गल्लीतून सारखी फोन करत होती आणि तिचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. "हितेंद्र, तिखट घेऊ की गोड?" हा म्हणायचा, "काहीही घे, पण लवकर ये." म्हणजे याला बस नको होती. याला सावली हवी होती.

मग मसाल्याचा वास आला. लालबागला मे महिन्यात मसाल्याचा वास नवा नाही, गल्लीगल्लीत मसाला कांडायचे डंक चालू असतात, मिरच्या भाजत असतात. पण हा वास चालत चालत माझ्याकडे आला आणि त्याच्यामागून एक बाई आल्या. सत्तरीच्या, डोक्यावर पदर, हातात जड कापडी पिशवी. हितेंद्र दोनदा शिंकला.

मी ओळखलं. अंबिका! मागच्या चाळीतली. मी नवाकोरा होतो तेव्हा ही परकरात होती. हिचे वडील सुट्टीच्या दिवशी हिला आणि धाकट्या शेवंतीला घेऊन इथे बसला उभे राहायचे, हत्ती दाखवायला. बस येईपर्यंत दोघी मला धरून गोल गोल फिरायच्या आणि वडील ओरडायचे, "अगो, खांब उपटतलास!" आता चाळ पाडली, नवी इमारत व्हायची आहे, अंबिका मुलाकडे बदलापूरला गेली. बऱ्याच वर्षांनी दिसली. माझा बागेचा थांबा, तिच्या ओळखीचा. सरळ येऊन उभी राहिली.

"भाऊ, बागेच्या बसची लाइन ना ही?"

हितेंद्रने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "हो हो, उभे राहा."

झालं! मला वाटलं याच्या डोक्यात पाटी घालावी. पण पाटी पक्की ठोकलेली. अंबिकाने समाधानाने सुस्कारा सोडला आणि माझ्या पाटीखाली मंडळाने बॅनर बांधायला ठोकलेली एक कडी आहे, तिला पिशवी अडकवली.

दोघं एकामागे एक उभी म्हणजे रांग झाली. लगेच संगमनेरहून आलेलं एक कुटुंब आलं. राधा, तिचा नवरा माधव आणि कडेवर झोपलेली मुलगी.

"मावशी, पेंग्विनची बस इथूनच मिळते ना?" राधाने विचारलं.

"इथूनच गो," अंबिका म्हणाली. "मी लहान असल्यापासून इथूनच जाते."

त्यांच्यामागे कॉलेजची पोरं आली, पोरांमागे एक मोठं खटलं डबे-पिशव्यांसकट आलं, आणि त्यांच्यामागे कोणकोण आलं ते मी मोजायचं सोडून दिलं. एवढ्यात बस आली. मागे पत्र्याजवळ थांबली, पण मधल्या टेम्पोंमुळे इथून वाटलं की रहदारीत अडकलीय. मग सुटली आणि सगळ्यांनी हात केलेले असताना माझ्यासमोरून निघून गेली.

"रिकामी होती!" माधव ओरडला. "मस्ती आलीय यांना."

बाजूला लिंबू सरबताची गाडी लावणारा प्रफुल्ल हे रोज बघतो. तो बिचारा ओरडला, "ओ, स्टॉप मागे गेलाय! इथे नाय थांबत आता!"

"मग पाटी कशाला ठेवलीय?" माधव म्हणाला.

"ते मला काय विचारता? मी सरबतवाला आहे."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी इथून बस पकडते," अंबिका म्हणाली. "मला शिकवू नको."

तरी माधव जरा चुळबुळला. मागे जाऊन बघून येऊ का, असं बायकोला म्हणाला. त्याबरोबर मागून आवाज आला, "जायचं तर जा, पण परत आलात तर लाइन मागून!" माधवने मागे पाहिलं. रांग बरीच लांब झाली होती. पुढून तिसरा नंबर कोण सोडतो? तो तिथेच पाय रोवून उभा राहिला. प्रफुल्लने आणखी दोनदा सांगितलं, मग नाद सोडला आणि रांगेलाच सरबत विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आयतं उभं होतं, त्याचा तरी काय दोष?

मी मात्र आतून जळत होतो, कारण अंबिका आता सारखी रस्त्याकडे बघत होती आणि राधाला सांगत होती. मुंबईच्या रांगेत माणूस परक्याला जे सांगतो ते सख्ख्या भावाला सांगत नाही.

गोष्ट अशी होती. आई वारल्यावर चाळीतली खोली अंबिकाच्या नावावर झाली, कारण आईचं शेवटचं सगळं तिने केलं होतं. शेवंती लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत. ती म्हणाली, मला विचारलं का नाहीस? शब्दाला शब्द वाढला. शेवंती दारातून उतरताना म्हणाली, "तुझ्या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही." अंबिका म्हणाली, "मग मी पण तुझा चढणार नाही." अकरा वर्षं झाली. लग्नं झाली, बारशी झाली, एकमेकींकडे गेल्या नाहीत. ज्या उंबऱ्यावरून शपथ घेतली तो उंबरा चाळीबरोबर पाडला, राडारोडा ट्रकमधून गेला, शपथ तेवढी शिल्लक राहिली.

शेवटी शेवंतीच्या मुलीने, लतिकाने, तोड काढली. बागेला उंबरा नसतो. दोघींनी राणीच्या बागेच्या गेटवर भेटायचं, कोणाचीच शपथ मोडत नाही. शेवंतीने कबूल केलं, पण लतिकाबरोबर निरोप धाडला तो तिच्या स्वभावाला साजेसाच: रविवारी चार वाजेपर्यंत थांबेन. नाही आलीस तर पुन्हा विचारणार नाही.

"मग तिला फोन करून सांगा ना, उशीर होतोय म्हणून," राधा म्हणाली.

"तिचा नंबर नाय माझ्याकडे. मुलाच्या फोनात लतिकाचा आहे, पण मुलाला न सांगता आलेय. त्याला आवडत नाही." अंबिकाने पदर नीट डोक्यावर घेतला. "आणि नंबर असता तरी केला नसता गो. आधी फोन करील ती हरली."

ऐकलंत? उन्हात उभी आहे, बहीण निघून जाईल म्हणून जीव कासावीस झालाय, पण हरायचं नाही. अहो, एवढं ताठ उभं राहणं मला शोभतं. मी लोखंडाचा आहे.

"मावशी, टॅक्सी करा," माधव म्हणाला आणि त्याने स्वतःच एक थांबवली. टॅक्सीवाल्याने 'राणीबाग' ऐकलं, मान हलवली आणि निघून गेला. जवळचं भाडं त्याला नको. दुसरीही तशीच गेली. चालत जायचं तर गुडघे, आणि मसाल्याची पिशवी. तो मसालाही शेवंतीसाठीच कांडून आणलेला. तिला याच डंकावरचा लागतो, दुसऱ्या मसाल्याची आमटी ती तोंडात धरत नाही. अकरा वर्षं तिने कुठला मसाला खाल्ला असेल, याचीही अंबिकाला काळजी होती.

एवढ्यात मेघना चिवड्याच्या पिशव्या घेऊन आली. हितेंद्र चालू लागला.

"अहो भाऊ, तुम्हाला बस नको?" अंबिकाने विचारलं.

"नाही आजी, मी सावलीला उभा होतो."

अंबिकाचं तोंड उतरलं. एक क्षण तिला शंका आली, मला दिसली. तिने मागे पाहिलं. मागे ही एवढी रांग. एवढी माणसं उगीच उभी राहतील होय? ती एक पाऊल पुढे सरकून पहिल्या नंबरावर आली. आणि रांगेतली माणसं काय म्हणत होती? "पुढे त्या आजी आहेत ना, त्या इथल्याच आहेत. त्यांना सगळं माहीत आहे." म्हणजे आजी रांगेच्या भरवशावर आणि रांग आजीच्या भरवशावर. मी मधे उभा, सगळं ठाऊक असलेला, मुका.

दुसरी बसही तशीच गेली. तिच्या खिडकीतून एक पोरगा रांगेला टाटा करून गेला. अंबिकाने डोळ्यांना पदर लावला. "वेळ झाली," एवढंच म्हणाली. "ती आता जाईल. मी मुद्दाम आले नाही असंच तिला वाटेल."

राधाने तिचा हात धरला आणि मागच्या कॉलेजच्या पोरांना म्हणाली, "बघा ना, या मावशींना बहिणीला भेटायचंय." पोरांनी मागे सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागे. रांगेत बातमी अशीच जाते. जाता जाता बहीण आजारी पडली, अकरा वर्षांची वीस झाली, आणि बातमी शेपटापर्यंत पोचली तेव्हा दोघी फाळणीत हरवलेल्या होत्या.

आणि शेपूट कुठे पोचलं होतं माहीत आहे? पत्र्यापाशी! टेम्पोंच्या मागून सरकत सरकत रांगेचं शेवटचं टोक बरोबर खऱ्या थांब्याखाली जाऊन उभं राहिलं होतं. तिथे रोज बस पकडणारी प्रिती नावाची एक मुलगी आहे, जवळच्या दवाखान्यात कामाला. तिला थांबा पक्का माहीत. पण समोर रांगेचं टोक आलं आणि तीसुद्धा मुकाट्याने शेवटी उभी राहिली. रांग म्हणजे रांग. याला काय म्हणावं!

तिसरी बस आली. पत्र्यापाशी थांबली आणि दार बरोबर प्रितीसमोर उघडलं.

"चला चला, चढा लवकर," कंडक्टर म्हणाला.

प्रितीने आत पाय ठेवला आणि थांबली. "ओ, आमच्यापुढे लाइन आहे. आम्ही शेवटचे."

"अहो ताई, स्टॉप हा आहे."

"असू दे. लाइन तिकडून सुरू होते."

तोवर पुढच्यांना कळलं होतं की बस मागे उभी आहे. एकच ओरडा झाला. "मधून कोणी चढायचं नाय!" "नंबराने चढा!" कोणी जागचं हललं नाही, कारण हललं की नंबर जातो. बस उभी, दार उघडं, दोन पावलांवर माणसं, आणि चढायला कोणी तयार नाही. असा तमाशा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून मरत होत्या.

"चढताय की सोडू गाडी?" कंडक्टर वैतागला.

प्रितीचा एक पाय पायरीवर, एक फुटपाथवर. दांडा घट्ट धरलेला. "पुढे एक आजी आहेत, पहिल्या नंबरच्या. फाळणीत हरवलेली बहीण भेटणार आहे त्यांना. त्या चढल्याशिवाय मी चढणार नाही आणि गाडी पण सोडू देणार नाही."

कंडक्टर काही बोलायच्या आत ड्रायव्हरने आरशात पाहिलं, मग काचेतून पुढे पाहिलं. लांबलचक रांग, आणि तिच्या टोकाला मी. जुना माणूस असावा. म्हणाला, "जाऊ दे रे. पुढे घेतो. लाइन आहे म्हणजे थांबायलाच पाहिजे."

बस मुंगीच्या पावलाने पुढे आली. प्रिती दांडा धरून बाजूने चालत आली. आणि दोन वर्षांनी, अहो, दोन वर्षांनी, बस माझ्यासमोर थांबली. काय वाटलं ते सांगता येत नाही. माझी पाटी तेवढ्यापुरती खरी झाली.

"चला आजी, पहिल्या तुम्ही," प्रिती म्हणाली. राधाने मागून आधार दिला, अंबिका चढली. मग सगळी रांग नंबराने चढली, अगदी शहाण्यासारखी, आणि बस गेली. प्रफुल्लने गाडीवर कपाळ टेकलं.

मी हसत होतो. मग लक्षात आलं की मला काहीतरी जड लागतंय. मसाल्याची पिशवी! कडीलाच अडकलेली. घाईत विसरली. इतका वेळ सांभाळली आणि नेमकी तीच राहिली.

मी पुन्हा ओरडू लागलो, आणि पुन्हा कोणी ऐकेना. आता कोणीतरी उचलणार, मी धरून चाललो. पण उचलली नाही. का, ते ऐकून कपाळाला हात लावाल. एक जण आला, त्याने पिशवी पाहिली आणि तिच्यामागे उभा राहिला. दुसऱ्याने त्याला विचारलं, "ही कोणाची?" तो म्हणाला, "कोणीतरी नंबर लावून गेलंय." संध्याकाळपर्यंत पिशवी पहिल्या नंबरावर आणि माणसं तिच्यामागे. मुंबईत माणसाचं पाकीट मारतील, पण लावलेला नंबर कोणी उचलत नाही.

दिवेलागणीला समोरच्या फुटपाथवरून दोघीजणी रस्ता ओलांडताना दिसल्या. एकमेकींचा हात धरून, दोघींची पावलं तिरकी, आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या. एक अंबिका. दुसरीचे केस पांढरे झाले होते, अंगाने वाळली होती, पण चालताना मान वर. शेवंती! माझ्या अंगावर घंटा असती तर बसच्या घंटीसारखी वाजली असती.

"मेले, मसालो खांबाक टांगून ठेवलंस?" शेवंती म्हणाली. "सत्तर वर्षांची झालंस, तरी तशीच वेंधळी."

"तू चाराक जातलंस म्हणान धावत सुटलंय गो. त्या घाईत रवली."

"मी खंय जातंय! गेट बंद होईपर्यंत बसतलंय होतंय."

"चार वाजेपर्यंत म्हणालंस ना?"

"म्हणालंय. पण माझ्याकडे घड्याळ खंय होतां?"

घड्याळ नव्हतं! इकडे एका म्हातारीने उन्हात डोळे पुसले, एका पोरीने भर रस्त्यात बस अडवली, माझा जीव टांगणीला लागला, आणि हिच्याकडे घड्याळच नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. शेवंतीने पिशवीत नाक घातलं, मोठ्याने शिंकली आणि मग तिने तशीच पिशवी छातीशी धरली. बराच वेळ धरून उभी राहिली.

"आता घराक चल," अंबिका म्हणाली. "बदलापूरला."

"नाय. उंबरो चढूचंय नाय म्हटलंय, म्हणजे नाय. तू येतंस वरळीक?"

"मी पण नाय म्हटलंय."

शेवंतीने माझ्याभोवती हात घातला, लहानपणी गोल फिरताना घालायची तसा. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी हयसरच भेटूया. खांबाकडे. हयसर उंबरो नाय."

"चालात," अंबिका म्हणाली.

एवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "मावशी, बसची लाइन ना ही?" बघतो तर त्यांच्यामागे तिघे उभे.

"बस मागे थांबते," अंबिका म्हणाली. "त्या पत्र्याकडे." प्रफुल्ल सोडला तर इतक्या दिवसांत कोणीतरी प्रथमच माझ्या पायाशी उभं राहून खरं सांगितलं. ते तिघे 'बरं' म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

इथेच गोष्ट संपली असती तर मी कशाला तुम्हाला अडवलं असतं? पण रविवारी बस भलत्या ठिकाणी थांबवली, वाहतूक तुंबली, अशी कोणीतरी तक्रार केली. दोन वर्षं जो हुकूम निघत नव्हता तो दोन दिवसांत निघाला. काल दोघे आले, माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने फुली मारली आणि म्हणाले, "या आठवड्यात उपटायचा."

मागितलं ते मिळालं. आणि आता मला ते नकोय.

कोणी साहेब माझं वाचत असेल तर हात जोडून सांगतो. पाटी काढून न्या, आजच न्या. खोटेपणा तेवढाच आहे. खांब राहू द्या. भंगारात माझं असं किती वजन भरणार? इथे मात्र पहिल्या रविवारी दोन म्हाताऱ्या येणार आहेत. एकीकडे दुसरीचा नंबर नाही, आणि आधी फोन करील ती हरली. एक बदलापूरहून येईल, एक वरळीहून, आणि खांब दिसला नाही तर प्रत्येकीला वाटेल की आपणच जागा चुकलो. मग आणखी अकरा वर्षं त्यांच्याकडे नाहीत.

आणि तुम्ही अजून इथेच? मागे वळून बघा. मी सांगितलं नव्हतं? उभे राहिले ना चौघे! जाता जाता त्यांना सांगा, राणीच्या बागेची बस मागे थांबते. आणि ते फुलीवाले आले, हा खांब अजून कशाला ठेवलाय म्हणाले, तर त्यांनाही सांगा. म्हणावं, हात लावू नका. दोन बहिणींनी नंबर लावलाय.